पेशी चिडत नाहीत

शुक्रवारी सकाळी पेशी नवव्यांदा चिडल्या नाहीत. पीएच.डी. करणाऱ्या त्या मुलीनं त्यांना चिडवायला जिवाणूंचा भुगा चारला होता, तोही दुप्पट. कुठल्याही स्वाभिमानी पेशीनं एवढ्यावर घर डोक्यावर घेतलं असतं. या मात्र काचेच्या दोन्ही डिशमध्ये गपगार बसून होत्या.

एका डिशनं गप्प बसायचंच होतं. तिच्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड पेशीत दार न वाजवता शिरतं, आत ताटकळत बसलेल्या रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला बरोबर घेतं आणि दोघं मिळून थेट केंद्रकात जातात. तिथं सूज, लाली आणि आग यांचे हुकूम काढणारी जनुकं असतात. ही जोडी त्यांच्याशी वाद घालत बसत नाही. सरळ त्यांचं तोंड दाबते आणि जाता जाता दोन-चार समजूतदार जनुकांना जागं करते. याला काही तास लागतात. मग पेशी अशी निवळते, की जणू काही झालंच नव्हतं. तिचा चार वर्षांचा प्रबंध या जोडीवरच उभा होता.

दुसऱ्या डिशमध्ये मात्र स्टेरॉइडचा थेंबही नव्हता. तिनं बोंब ठोकायला हवी होती. तीच गप्प, तर पहिलीला औषधानं गप्प केलं हे सांगणार कुणाला?

सहा आठवड्यांत तिनं सगळं बदलून पाहिलं. पेशी नव्या आणल्या, भुगा नवा आणला, टेबलाची जागा बदलली. आईला फोन करून ती रडलीसुद्धा. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, कुणी चिडत नाही म्हणून रडणारी तू पहिलीच; दोन दिवस तुझ्या बाबांना पाठवून देते.

मार्गदर्शक मॅडमना विनोद कळत नसे. सोमवारी शेवटची डिश बघायची, नाही चिडली तर विषय बंद, नवा विषय, पुन्हा पहिल्यापासून, असं त्यांनी सांगून टाकलं. त्यावर तिनं अख्ख्या प्रयोगशाळेसमोर घोषणा केली: ज्याच्यामुळे हे होतंय तो सापडू दे, महिनाभर सगळ्यांच्या बाटल्या त्याच्याकडून हातानं धुवून घेईन. सगळ्यांनी आपापल्या टेबलाकडे बघितलं.

तेवढ्यात मामा पेशींचं पोषणद्रव ठेवायच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन आले. मामा म्हणजे प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणारे. नोकरीला अठरा वर्षं, हातून फुटलेली बाटली एक, आणि तीही ज्या दिवशी हातमोजे घातले त्या दिवशी. तेव्हापासून मोजे बंद. पेशींची चौकशी करणारा इमारतीतला हा एकमेव माणूस.

"चिडल्या का, ताई?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मामांना वाईट वाटलं. ते म्हणाले, माझ्याकडून तरी कसूर नाही. बाकीच्यांच्या बाटल्या मशीनमध्ये टाकतो, तुमच्या मात्र मुद्दाम हातानं धुतो. हात बरे झाल्या दिवसापासून ठरवलंय. शेवटी तोंडातून आत बोट फिरवून बघतो, साबण राहिलेला बोटालाच कळतो.

तिनं मामांच्या हातांकडे पाहिलं. सहा आठवड्यांपूर्वी साबणानं सोललेले, भेगाळलेले हात होते ते. आता कसे गुळगुळीत, चकचकीत. जरा जास्तच चकचकीत.

"मामा, हाताला काय लावता?"

मामांनी खिशातून पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब काढली. तिनं ती हातात घेतली, पण नाव वाचलं नाही. ते तिला पाठ होतं. ती खुर्चीवर बसली, आणि खुर्ची तिथं नव्हती.

शनिवारी तिनं दोन नव्या डिश लावल्या. दोन्हींत त्याच पेशी, तोच भुगा, औषध कशातच नाही. एकीचं पोषणद्रव मशीनमध्ये धुतलेल्या बाटलीतलं, दुसरीचं मामांनी धुतलेल्या बाटलीतलं.

सोमवारी मॅडम आल्या तेव्हा मशीनवाल्या डिशमधली दाहाची सगळी जनुकं एका सुरात बोंबलत होती. आलेख कागदाबाहेर जायचा बाकी होता. मामांच्या डिशमध्ये दुपारच्या झोपेची शांतता.

मॅडमनी दोन्ही आलेख तीनदा बघितले. प्रबंध बुडता बुडता वाचला होता. उलट त्यात एक नवीन प्रकरण वाढलं होतं: औषधाचा एवढासा अंश, बाटलीच्या तोंडाला पुसटसा लागलेला, आणि जनुकं गप्प. मॅडमचं नाक मात्र लाल झालं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, स्टेरॉइडवर काम चालणाऱ्या प्रयोगशाळेत या माणसाला स्टेरॉइडचं मलम कुणी दिलं?

मामा चटकन पुढे आले. म्हणाले, माझंच आहे. रस्त्यात पडलेलं मिळालं.

शुक्रवारची घोषणा सगळ्यांच्याच लक्षात होती. पळून जायला वाट होती, आणि ती मामांनीच मोकळी करून दिली होती.

"मी दिलं," ती म्हणाली. "घरी पडून होतं. त्यांचे हात बघवत नव्हते."

मॅडमनी मामांना त्वचेच्या डॉक्टरकडे धाडलं आणि तिला मोरीकडे.

आता शिक्षेच्या महिन्यातले चार दिवस झालेत. मामा स्टुलावर बसून देखरेख करतात. ती कोपरापर्यंत हातमोजे चढवून बाटल्या धुते. आजची तिसरी बाटली फुटल्याचा आवाज सरळ मॅडमच्या खोलीपर्यंत गेला.

"चिडल्या का?" मामांनी हळूच विचारलं.

"हो मामा, आता रोज चिडतात पेशी."

"पेशींचं कोण विचारतंय?" मामा म्हणाले, आणि खिशात अजून उरलेली ती चपटी ट्यूब चाचपत मॅडमच्या दाराकडे बघत राहिले.