मंडळी, घाई नाही

"मंडळी, घाई नाही," जादूगार म्हणाले, आणि विंगेत उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने कान टवकारले.

प्रेक्षकांना ते बोलणं गमतीचं वाटे. बापलेकीत मात्र त्या तीन शब्दांचा अर्थ एकच होता: चुकलंय, सांभाळ.

चूक साधी नव्हती. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी आपला पांढरा रुमाल दिला होता, कोपऱ्यात लाल फूल भरलेला. तो मुठीत लपवून जादूगारांनी स्वतःचा कोरा रुमाल कापायचा, असं ठरलेलं. पण कात्री चालली होती बाईंच्याच रुमालावर. जादूगारांचा अंगठा फुलाच्या टाक्यांवर येऊन थांबला होता.

दुसरा कुणी असता तर त्याला दरदरून घाम फुटला असता. जादूगार हळू झाले. चूक झाली की ते नेहमी हळू व्हायचे, जणू दारात पाहुणा आलाय आणि त्याला आधी बसायला खुर्ची द्यायचीय. त्यांनी ते फूल गोल, निवांत कापून काढलं.

"बाई, फूल तुमचं, रुमाल माझा. दोघांची गाठ घालून देऊ? कन्ये, बशी आण!"

ती टाचा वाजवत आली आणि स्टीलची बशी टेबलावर आपटली. खण्णकन. लोक खिदळले.

"ही आमची कन्या," जादूगार म्हणाले. "बशी ठेवते की घंटा वाजवते, कोण जाणे!"

त्यांनी फूल बशीत टाकलं, वर आपला कोरा रुमाल पसरला. ती बशी घेऊन विंगेत पळाली. सुईदोरा तिच्या खिशात कायम असे. तिला सहा मिनिटं लागणार होती.

ती सहा मिनिटं जादूगारांनी रिकाम्या हातांनी काढली. नसलेलं नाणं ते या मुठीतून त्या मुठीत टाकत राहिले. मग ते निसटल्यासारखं करून "अरेरे!" म्हणाले, आणि पुढच्या दोन रांगा खरोखर वाकून खुर्च्यांखाली शोधायला लागल्या. जन्मभर पाहूनही तिच्या अंगावर काटा आला. टाका घालता घालता तिनेही क्षणभर जमिनीकडे पाहिलं होतं.

बशी पुन्हा आपटली. अखंड रुमाल, कोपऱ्यात फूल. बाईंनी तो उलटून पाहिला, मग जादूगारांकडे पाहिलं, उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मागोमाग सगळं सभागृह उठलं.

मेकअपच्या खोलीत व्यवस्थापक आले. "प्रयोग झकास! पण साहेब, एक बोलू? पुढच्या महिन्यात मोठं थिएटर आहे. तिथे ही धांदल नको. ही टाचा वाजवते, वस्तू आपटते, मध्येच खोकते काय, शिंकते काय! मी शिकलेली सहायक देतो. मांजरीसारखी वावरते, चाहूल लागणार नाही."

मुलगी सामान भरत होती. बाबांच्या शेजारची ती चार पावलांची जागा सोडली, तर तिला दुसरं काही नको होतं. एक वाक्य जिभेवर आलं. तिने ते गिळलं.

जादूगार कोटाची बटणं लावत होते. "राहू द्या हो," ते म्हणाले. "हिच्या चुका झेलायची सवय झालीय मला. त्यांच्याशिवाय हात चालायचा नाही."

गाडीत तिच्याशेजारी बसून त्यांनी विचारलं, "शिवण कळली बाईंना?"

"कळली."

"मग?"

"काही बोलल्या नाहीत. उभं राहून टाळ्या वाजवल्या."

"जाणत्या बाई," जादूगार म्हणाले. "सगळं कळूनही गप्प राहणारा प्रेक्षक नशिबानेच मिळतो."

सकाळी तिने केलेला चहा गार झाला तरी ते उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. घरात ती दोघंच होती. आता ती एकटी.

आठवड्याने त्याच सभागृहात गावोगावचे जादूगार जमले. कुणी भाषण केलं नाही, एकेकाने तिच्या बाबांच्या फसलेल्या जादू सांगितल्या. एकदा कबुतर वेळेआधीच बाहीतून उडालं, तर म्हणे, 'जाऊ दे, बिनतिकिटाचं होतं!' लोक हसत होते, डोळे पुसत होते.

शेवटी त्यांचे जुने मित्र, नाण्यांचे खेळ करणारे काका, उठले. "खरी कमाल शेवटच्या दोन वर्षांतली. पोरीने रोज नवा गोंधळ घालायचा आणि याने हसत हसत झेलायचा. आपल्यापैकी कुणाला जमलं असतं?" ते तिच्याकडे वळले. "आता तरी सांग गं, मुद्दाम आपटायचीस का?"

व्यवस्थापक मान डोलावत होते. ती उभी राहिली. ते एक वाक्य बोलली असती, तर सगळं सभागृह तिच्या बाजूने झालं असतं. आणि उद्यापासून बाबांचं नाव निघताच लोकांनी आधी तेच सांगितलं असतं.

"नाही हो काका," ती म्हणाली. "मी आहेच धांदरट."

सगळे मायेने हसले.

मंडळी पांगली. दिवे मालवायला कुणी यायचं होतं. ती रंगमंचावर चढली आणि त्यांच्या टेबलाशी, आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली. शेजारची जागा रिकामी होती. तिकडे वळून, मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली,

"वा, बाबा! दोन वर्षं तुमच्या डोळ्यांना काही म्हणता काही दिसत नव्हतं, आणि माझ्याशिवाय कुणालाही कळलं नाही."