झेपेल अशी गिटार

गिटार शिकायची होती कुमुदताईंना, पण दुकानदार मघापासून सगळं समजावत होता त्यांच्या नवऱ्याला. सदाशिवरावांनी आयुष्यात साधी शिट्टीही सुरात वाजवली नव्हती. तरीही ते प्रत्येक गिटारवर, कलिंगड पारखावं तशा टिचक्या मारून "हं" म्हणत होते.

"हिला ही बेस गिटार द्या," अखेर खुर्चीत टेकत त्यांनी निकाल दिला. "सहाऐवजी चारच तारा आहेत. या वयात तेवढंच झेपेल."

एवढ्या सखोल अभ्यासाचा मान तर राखायलाच हवा. कुमुदताईंनी बेस मांडीवर घेतली.

"उत्तम निवड!" दुकानदार म्हणाला, अर्थात सदाशिवरावांनाच. "बेसकडे कुणाचं लक्ष जात नाही, साहेब. टाळ्या सगळ्या पुढच्या गिटारवाल्याला. पण बेस थांबली, की अख्खं गाणं ढेपाळतं."

कुमुदताईंनी बेस उचलली आणि अलगद नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"अहो, हीच तर चाळीस वर्षं घरात वाजवतेय मी. आता तुम्ही शिका." मग त्या दुकानदाराकडे वळल्या. "मला ती लाल इलेक्ट्रिक दाखवा. आणि आवाज वाढवायचा तो डबाही. मोठ्यातला मोठा."