मंगळावरचा होकार

"यंत्र बिघडलंय," चिंधाबाईंनी दुरुस्तीवालीला दारातच सुनावलं. "काल मुद्दाम सुनेचा उद्धार केला, तरी वसंता म्हणतो, 'बरं आई.' असा नव्हता तो."

भिंतीवरली डबी त्यांचं बोलणं मंगळावर वसंताला कळवायची आणि त्याचं उत्तर त्याच्याच आवाजात सांगायची. पोरगं अखेर वळणावर आलं, असं चिंधाबाईंनी गावभर मिरवलं होतं.

दुरुस्तीवाल्या मुलीनं डबी उघडून तपासली आणि ती घुटमळली.

"आजी, बिघाड नाही. पलीकडून उत्तर आलं नाही, तर हिनं आपणच गोड बोलावं, अशी हिची बांधणी आहे."

"कधीपासून येत नाही?"

"चार वर्षं झाली."

"आणि ही मेली मला सांगत नाही?"

"तशी सोयच ठेवलेली नाही."

"कुठल्या अकलेच्या कांद्यानं बांधली?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "तुमच्या वसंतानंच. जाण्याआधी, खास तुमच्यासाठी."

 चिंधाबाई भिंतीपाशी गेल्या.

"वसंता, आहेस का रे तू?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत डबीच्या जाळीवर तळहात घट्ट दाबून धरला.