दोन राजे

या, असे जवळ बसा. एक गोष्ट सांगतो.

सर्वण गावच्या सगुणाने बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहिला. गावभर त्याचंच कौतुक. त्यातली चूक शोधायला त्याचा मित्र गौरेश बसला, पण मनातून तो सगुणावर जळत होता.

"चूक गावली तर भाजी-पाव माझ्याकडून, रे गौरेशा!" म्हणत सगुण स्कूटरवरून मुरगावला निघाला.

गौरेशने पडद्यावरच्या पटात दोन राजेच ठेवले. अशा वेळी कोण किती पुढे ते सांगणारे प्रोग्रॅमचे गुण शून्यच हवेत. शून्यच आले.

'पांढरा मी, काळा सगुण,' तो मनात म्हणाला. काळ्याचे गुण वाढले. मनातच बाजू बदलली, तर पांढऱ्याचे, म्हणजे पुन्हा सगुणाचेच वाढले.

'तो नसताच तर?'

बुद्धिबळात राजा कधी पटावरून उचलत नाहीत. पण पडद्यावर आता एकच राजा उरला होता, गौरेशचा.

गौरेशने सगुणाला फोन लावला. रिंग वाजतच राहिली.

माउल्यांनो, आज आरती घेताना सगुणाचं नाव घ्या.