रायाजीरावांची चाल

भागोजी अण्णांच्या मृदंगावर राजाच्या प्रवेशाचा ठेका पडला आणि मांडवात हशा पिकला. राजा अजून पडद्याआडच होता. पण हसायला राजा दिसायलाच हवा असं थोडंच आहे? गुहागरकडच्या या वाडीच्या नमनाच्या खेळात लंगड्या रायाजीरावाचा प्रवेश म्हणजे हसायची हक्काची वेळ. वगातला हा सरदार, नमनाच्या बोलीत ‘राजा’, लढाईत पायानं अधू झाला, तरी मरेपर्यंत त्यानं खाडी राखली. ते राहिलं बाजूला. दरवर्षी कुणी धडधाकट बाप्या काठी घेऊन यायचा, मुद्दाम धडपडायचा आणि सुट्टीला आलेले मुंबईकर शिट्ट्या मारायचे.

यंदा नमन बायकांचं होतं आणि पडद्याआड नेत्रा उभी होती. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड. सरदाराचं काम तिनं स्वतः मागून घेतलं, तेव्हा मंडळाच्या पुढारी कमळावहिनींनी आधी आढेवेढे घेतले. लोक तुलाच हसतील गो, एवढंच शेवटी म्हणाल्या. नेत्राला तेच नको होतं. एकदा तरी, एका फेरीपुरतं, तिला या गावासमोर आपल्या चालीनं चालायचं होतं आणि कुणी हसायचं नव्हतं.

पडदा सरला. दोन पावलं गेली नाहीत तोच ठेका चुकला. मृदंग पुढे पळत होता आणि तिचा पाय जमिनीला घासत आपल्या वेळेनं येत होता. सरदाराला काठी द्या रे, असं पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा. मागे प्रधान झालेली हौसा जरा पाय उचल म्हणून कुजबुजली.  नेत्राला लाज वाटली आणि लगेच त्या लाजेचाच राग आला.

तालमीत तिनं ओढाताण करून ठेका गाठला होता. आज ती भर मांडवात थांबली आणि मृदंगाकडे वळली.

"अण्णा," ती खड्या आवाजात म्हणाली, "राजा मृदंगामागं धावत नाय."

 भागोजी अण्णांनी उभ्या हयातीत कुणासाठी ठेका बदलला नव्हता. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. नेत्रानं उजवं पाऊल दणकून टाकलं, डावं ओढून आणलं. अण्णांनी ते नीट ऐकून घेतलं आणि हात उचलला. एक जोरकस थाप, मग तळव्याचं लांब घासणं, पुन्हा थाप. ठेका नवा होता, भारदस्त होता आणि त्याला कसली म्हणून घाई नव्हती. नेत्राची मान वर झाली.

राजा ज्या ठेक्यावर चालेल त्याच ठेक्यावर मागच्यांनी पाऊल टाकायचं, हा नमनातला जुना दंडक. आजवर सरदार लंगडण्याचं सोंग करायचा, पण मृदंग सरळ वाजायचा, म्हणून मागचेही सरळ चालत. आज हौसाला सरळ चालताच येईना. तिनं डावा पाय ओढला. तिच्यामागून शिपायांनी ओढला, मग निशाणवालीनं. सगळा दरबार त्या चालीनं मांडवाला फेरी घालू लागला.

कुणी हसलं नाही. काठी मागणारा कधी उठून उभा राहिला, त्याचं त्यालाही कळलं नाही. लाल मातीत पावलापावलाशेजारी ओढलेल्या पायाची रेघ उमटत होती. त्यातली नेत्राची कुठली, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.