परतीची बोट

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून नवरा-बायको सुट्टीतली बेटं ठरवत होती.

"इथली वाळू म्हणे पिठासारखी मऊ आहे."

"परतीची बोट?"

"आठवड्यातून एकदाच."

त्यानं ते बेट खोडलं.

"मग हे बघ. इथं कासवं अंडी घालायला येतात."

"फोन लागतो?"

"नाही."

तेही खोडलं. खोडता खोडता एकच बेट उरलं. त्याला तर चक्क पूल होता.

"हे बरंय," तो म्हणाला. "कधीही निघालं, तरी गाडीनं तडक घरी येता येईल."



आतल्या खोलीतून, अंथरुणाला खिळलेल्या बाबांचा आवाज आला, "कासवांचं बेट खोडू नकोस रे. तुम्ही येईपर्यंत थांबतो मी. फक्त बोट चुकवू नका."