दोनने गुणा

पाकीट नरसिंगरावांनी स्वतः फाडलं. चार दिवस ते त्यांच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली जानव्याला. आत मेघाश्रीच्या अक्षरात एकच आकडा होता, सहा. पडद्यावर अवकाशयानानं आज मोजलेला आकडाही सहाच.

त्यांच्या कपाळाला आठी पडली.

सूर्याच्या पृष्ठभागावरचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं आणि तिथून निघालेला वारा चार दिवसांनी पृथ्वीजवळ येईल तेव्हा त्यात किती क्षेत्र असेल, ते आधीच सांगायचं, हा मेघाश्रीच्या प्रबंधाचा विषय; नरसिंगराव तिचे मार्गदर्शक. या गणितात भल्याभल्यांचं उत्तर निम्मं येतं. उरलेलं निम्मं कुठं जातं, कुणालाच धड ठाऊक नाही. आणि मल्लेश्वरमची ही पोरगी दर वेळी बरोबर! यानाचे आकडे बघून मागाहून खाडाखोड करत असणार, असं त्यांनी धरलं होतं. म्हणून तर पाकीट. दोन महिने त्यांनी प्रबंधावरची सही अडवून ठेवली होती. त्या सहीवाचून तिची ठरलेली नोकरी हातची जाणार, हे माहीत असूनही.

पाकिटानं दगा दिला, तेव्हा त्यांनी तिचा प्रोग्राम छापून मागवला. पहिलं पान कॉफीच्या पेल्याखाली सारलं आणि बाकीचा गठ्ठा पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचला. दुपारी ते खुर्चीत ताठ बसले. अगदी शेवटी एक ओळ होती: उत्तराला दोनने गुणा. कारण काही दिलेलं नव्हतं.

चोर सापडला होता. त्यांना मनापासून बरं वाटलं.

"मेघाश्री, स्वल्प, जरा इकडं ये. हे दोन कुठून आले?"

"मूळ प्रोग्राम माझा नाही, सर. आपल्याच जुन्या मशीनवर मिळाला. ती ओळ मलाही खटकली होती. पण तुम्ही लिहिलीय म्हणजे कारण असणार, म्हणून हात लावला नाही."

"मी?"

तिनं पेला उचलला. कॉफीच्या गोल डागात त्यांचं नाव होतं. खाली साल, १९९६.

त्यांचा स्वतःचा प्रबंध द्यायला तेव्हा आठ दिवस उरले होते आणि उत्तर निम्मंच येत होतं. ते दोन त्यांनी तात्पुरते घातले होते. काढायचे राहिले की काढायचेच नव्हते, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्यावर पदवी मिळाली, पुढं ही खुर्चीही. त्यांना भयंकर लाज वाटली.

"काढून टाकू, सर?" तिनं हळूच विचारलं. "माझं उत्तर निम्मं येईल. तुमचंही."

"काढ," नरसिंगराव म्हणाले. "आणि कुणी घातले होते, तेही प्रबंधात लिही. त्याशिवाय मी सही करणार नाही."